व्हिटूसचं राहिलेलं उत्तर

"दार लाव आधी, धुकं आत येतंय," मी म्हटलं.

व्हिटूसने दार लावलं, पण पुढे आला नाही. टोपी हातात घेऊन उंबऱ्याजवळच उभा राहिला आणि माझ्या मांडीवरच्या मुकुटाकडे बघत राहिला. फर झाडाच्या डहाळ्या, त्यांत खोवलेली रुपेरी काटेफुलं, लाल फिती, आणि मधोमध नजर लागू नये म्हणून बसवलेला छोटा गोल आरसा. दोन दिवस मी तो बांधत होते. बोटांची चाळण झाली होती.

"कसा झालाय? बोल की काहीतरी. तुझ्याच गाईच्या डोक्यावर चढणार आहे."

"चांगलाय," तो म्हणाला.

माझा थोरला भाऊ असाच. दिवसाकाठी चार शब्द वापरायचे आणि त्यातलेही दोन गुरांशी. आयुष्यभर तो डोंगरावर गावची गुरं चारत आला. लग्न केलं नाही. हिवाळ्यात लाकूडतोडीला जायचा आणि बर्फ वितळलं की पुन्हा वर यायचा. आमच्या आल्गॉयमध्ये, म्हणजे बव्हेरियाच्या या डोंगरपट्ट्यात, रीत अशी, की उन्हाळाभर सांभाळायला दिलेल्या गुरांपैकी एकही दगावलं नाही तर खाली उतरताना पुढच्या गाईला मुकुट चढवायचा. एक जरी गेलं, तरी गाय उघड्या कपाळाने गावातून जाते आणि सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहून ते बघतो. गेल्या वर्षी एक वासरू कड्यावरून पडलं, त्याच्या आदल्या वर्षी दोन जनावरांवर वीज पडली. गुत्त्यात लोक त्याला विचारायचे, "काय व्हिटूस, यंदा गुरं आणणार का नुसती कातडी?" तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. बिअर संपवून घरी जायचा. यंदाचा त्याचा शेवटचा उन्हाळा होता, गुडघा कामातून गेला होता. आणि यंदा सगळी गुरं धडधाकट होती. म्हणून तर मी बोटांची चाळण करून घेत होते.

"आमचा पोर्तुगीज भेटला का रे वाटेत?" मी विचारलं. "जेवायला येतो म्हणाला होता. सूप दोनदा गरम करून झालं."

"नाही," व्हिटूस म्हणाला आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला.

आमचा पोर्तुगीज म्हणजे आबिलिओ. पोर्तोचा निवृत्त पोस्टमन. आठवड्याभरापूर्वी एवढीशी पिशवी घेऊन माझ्या खानावळीत आला आणि दारातच टोपी काढून म्हणाला, "ग्रूस गॉट!" म्हणजे आमचा इकडचा रामरामच तो. त्याला जर्मन येत होतं ते एवढंच. ग्रूस गॉट, जेवणाऱ्याला 'रुचकर लागो', शिंकणाऱ्याला 'निरोगी राहा', निघताना 'देव सांभाळो', आणि कोणी काही दिलं की 'देव याची फेड करो'. बाकी सगळं हातवाऱ्यांनी. पण हे पाच-सहा शब्द तो अशा जिवाने वापरायचा, की माणसं विरघळायची. आमच्या डोंगरातली माणसं शहरी पाहुण्यांना सहसा जवळ करत नाहीत. शहरातले येतात ते थेट विचारतात, बिअर कितीला, शौचालय कुठे. हा मात्र पहिल्याच संध्याकाळी गावकऱ्यांच्या राखीव टेबलापाशी गेला, आमच्यासारखीच टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केली, सगळ्यांना एकत्र रामराम घातला आणि बसायला दुसऱ्या टेबलाकडे वळला. झालं! त्यांनीच त्याला दंडाला धरून आपल्यात बसवलं. त्या टेबलावर परका माणूस बसलेला मी तीस वर्षांत बघितला नव्हता.

आणखी एक सवय त्याला होती. रामराम घातला की तो थांबायचा. टोपी छातीशी धरून, हसत, समोरचा उत्तर देईपर्यंत. वर डोंगरात आपण-तुम्ही गळून पडतं, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, हे त्याला कोणीतरी खुणांनी समजावल्यापासून तर तो लहान मुलासारखा खूश होता. गाईंनाही रामराम घालायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, त्या काय उत्तर देणारेत?" त्याला कळलं नाही, पण तो मलाच म्हणाला, "ग्रूस गॉट, बुर्गी!"

त्या दिवशी सकाळी तो वरच्या कपेलापर्यंत, डोंगरातल्या त्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंत, जाऊन येतो असं खुणेने सांगून निघाला. जाड कोट खोलीतच ठेवून गेला, ऊन होतं ना. दुपारी खालून धुकं चढायला लागलं आणि बघता बघता अंगणातला पाण्याचा हौद दिसेनासा झाला.

उल्मचं एक म्हातारं जोडपं भिजून आत आलं. मी चहाआधी तेच विचारलं.

"तो टोपीवाला?" म्हातारी म्हणाली. "भेटला ना! कपेलापाशी. आमच्या ह्यांना धाप लागली होती, म्हणून बोलवेना. तर तो आपला उभाच. ह्यांचा श्वास खाली बसला, ह्यांनी ग्रूस गॉट म्हटलं, तेव्हा कुठे पुढे सरकला."

"आम्हाला वाटलं, काही विकतोय," म्हातारा म्हणाला.

"कुठल्या बाजूला गेला?"

"वरच. तुमच्याकडे उतरला नाही."

कपेलाच्या वर दोनच वाटा. एक धारेवरून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. दुसरी व्हिटूसच्या कुरणाच्या कडेने घळीत जाते, पण ती घळीतली वाट ऑगस्टच्या पावसाने तोडून नेली होती. आमच्या बाजूला फळी ठोकून ती बंद केली होती, वरच्या बाजूला नव्हती. वरून कोण येणार? तिथे व्हिटूस आणि गुरं.

मी फोन उचलला. मोबाइलला आमच्याकडे रेंज नाही, पण तारेचा फोन चालतो.

गेबहार्ड बचावपथकाची चार माणसं घेऊन जीपने वर आला. खाली त्याची लाकडाची वखार आहे. आवाज मोठा, माणूस बरा. त्याने मुकुट उचलून खिडकीत ठेवला आणि टेबलावर नकाशा पसरला.

"हेलिकॉप्टर नाही. या धुक्यात कावळा उडणार नाही," तो म्हणाला. "उजेड दोनेक तास. कोट नाही म्हणतेस? मग रात्र काढायची नाही तो. दोन्हीकडे शोधायला माणसं नाहीत माझ्याकडे. धार का घळ, एकच सांगा."

"धारेवरून फॉरेस्टर उतरला मघाशी," मी म्हटलं. "त्याला कोणी भेटलं नाही म्हणाला."

"धुक्यात चुकामूक होते." गेबहार्ड कोपऱ्याकडे वळला. "व्हिटूस, तू दिवसभर वर होतास. तुझ्या कुरणावरून गेला का माणूस?"

सगळे व्हिटूसकडे बघायला लागले.

"मी कुंपणावर होतो," व्हिटूस म्हणाला. "वरच्या अंगाला."

"कोणी दिसलं?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"सांगितलं ना."

"मग धार," गेबहार्ड म्हणाला. "पलीकडच्या उतारावर बसला असेल वाट चुकून. दोर घ्या, दिवे घ्या. बुर्गी, थर्मास भर."

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या मागे व्हिटूस आला. त्याने कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. मी चहा ओतत होते, तो भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासून काही खाल्लं नसेल म्हणून मी त्याच्यापुढे सुपाची वाटी सरकवली.

"खा. असं काय थोबाड करून उभा आहेस? तुझा काय दोष त्यात?"

त्याने चमचा उचलला. सूप ओट्यावर सांडलं.

"विचित्रच आहे पण," मी बोलत सुटले. घाबरले की माझी जीभ थांबत नाही. "जो तो म्हणतो मला भेटला, मला रामराम घातला. खाटकाला भेटला, फॉरेस्टरच्या बायकोला भेटला, गाईंना भेटला. असा माणूस झाडाच्या बुंध्यालाही सोडायचा नाही. आणि अख्ख्या कुरणावर एकटा तू, तुलाच कसा भेटला नाही?"

व्हिटूसने चमचा खाली ठेवला.

"मी उत्तर नाही दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"त्याने म्हटलं. टोपी काढून. मी नाही दिलं उत्तर."

मला आधी समजेचना. थर्मासमधून चहा वर आला, ओट्यावर पसरला, मी बघत राहिले.

"बुर्गी, एक कालवड गेली. सकाळी. घळीच्या तोंडाशी घसरली, ओल्या गवतावरून. मान मोडली. मी तिच्यापाशी बसलो होतो." एवढं बोलून त्याने श्वास घेतला. इतकं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "तो आला. उभा राहिला. ग्रूस गॉट म्हणाला, हळू. मी वर बघितलं नाही. तो जाईना. उभाच. मला वाटलं, जा रे बाबा. मी हात केला. असा."

त्याने हात करून दाखवला. अंगावरचं झुरळ झटकावं तसा.

"कुठे केलास हात?"

"खाली."

"घळीकडे?"

"मी वाट दाखवत नव्हतो. जा म्हणत होतो नुसता."

"आणि तो गेला? त्या वाटेने?"

"बघितलं नाही. पाठ फिरवली मी. मग बघितलं तर नव्हता."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता, तो माझ्याहून मोठा आहे. पण त्या क्षणी हातातलं झाकण मी भिंतीवर आपटलं.

"आणि मघाशी? गेबहार्डने विचारलं तेव्हा दातखीळ बसली होती तुझी? माणूस मरतोय तिकडे!"

"तुला सांगायलाच आलो होतो मी. कालवडीचं. दार उघडलं आणि तू तो मुकुट घेऊन बसलेली." त्याचे डोळे लाल झाले होते. "म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू. मग त्याने विचारलं, कुठे होतास. घळीपाशी होतो म्हटलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं."

मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त त्याचा राग आला. दोन्ही एकदम येऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर बूट वाजत होते, दार उघडल्याचा आवाज आला. पथक निघालं होतं.

"तू सांगतोस का मी सांगू?" मी म्हटलं.

तो मला ओलांडून बाहेर गेला. अंगणात धुक्यात पाचही माणसं पाठीवर दोर घेऊन उभी होती. व्हिटूस त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"घळीत आहे तो," तो म्हणाला. "मी कुंपणावर नव्हतो. माझी कालवड मेली, मी तिच्यापाशी होतो. त्याला मी तिकडे घालवला."

मग पथकातला एक जण म्हणाला, "मघाशी काय झालं होतं रे तुला, गाढवा?"

"गप," गेबहार्ड म्हणाला. त्याने व्हिटूसकडे एकदाच बघितलं. "पुढे हो. वाट तुला माहीत आहे."

मी घरी बसणाऱ्यांतली नव्हे. आबिलिओचा कोट काखेत मारला आणि मागून निघाले.

कुरणाच्या टोकाला कालवड पडली होती. तिच्यावर व्हिटूसने आपलं जाकीट घातलं होतं. तिथून वाट खाली वळते आणि थोड्याच अंतरावर संपते. पुढे नुसता मातीचा सुटा उतार, त्याखाली ओढा. धुकं एवढं दाट, की गेबहार्डच्या दिव्याचा उजेड त्याच्याच तोंडावर परत येत होता. कडेची माती नुकतीच ढासळलेली दिसली. मी तोंडावर हात दाबला.

"आबिलिओ!" गेबहार्ड ओरडला.

ओढ्याचा आवाज. बाकी काही नाही.

"आबिलिओ! आवाज दे! कुठे आहेस? हात हलवता येतो का?"

"त्याला कळत नाही रे जर्मन," मी म्हटलं.

पुन्हा पुन्हा हाका मारल्या. शिट्ट्या मारल्या, मग सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं. ओढा खळखळत होता. गेबहार्डने घड्याळ बघितलं. घळ लांबलचक आहे, कुठे दोर सोडायचा हे कळल्याशिवाय तो माणूस खाली उतरवणार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. सुटी माती आणखी एकाला घेऊन गेली असती. "थोडं वर जाऊन बघू," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

तेव्हा व्हिटूस कडेला गेला. गुडघ्यावर बसला, मग पालथा झाला, डोकं कडेच्या बाहेर काढलं.

"ग्रूस गॉट!" तो ओरडला.

मी त्याची बहीण. साठ वर्षं त्याला ओळखते. त्याने कोणाला आपणहून आधी रामराम घातलेला मी ऐकला नव्हता. गुरांना हाकायचा तो आवाज, डोंगरभर जाणारा, त्याने त्या दोन शब्दांत घातला.

काही नाही.

"ग्रूस गॉट!" त्याचा आवाज फाटला. "ग्रूस गॉट! ग्रूस गॉट!"

"व्हिटूस," गेबहार्डने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांब!" व्हिटूस म्हणाला.

खालून, आम्ही उभे होतो त्याच्या बरंच डावीकडून, बारीक आवाज आला. घोगरा, दात वाजत असलेला, आणि तो 'र' आमच्याकडे कोणीच म्हणत नाही तसा घोळवलेला.

"ग्रूस... गॉट."

पथकातला तो मघाचा माणूस खाली बसला आणि हसायला लागला. मी रडत होते की काय करत होते, मला माहीत नाही. गेबहार्ड मात्र तेवढ्यात दोर बांधायला लागला होता. "बोलत राहा," तो व्हिटूसला म्हणाला. "त्याला झोपू देऊ नकोस. आवाजावरून उतरतो आम्ही." आणि मग दोर सोडेपर्यंत, माणसं खाली जाईपर्यंत, तो खालून बोलायचा आणि हा वरून उत्तर द्यायचा. ग्रूस गॉट. ग्रूस गॉट. दुसरं काही दोघांच्यात सामाईक नव्हतं. माझ्या भावाने आयुष्यभरात घातले नसतील तेवढे रामराम त्या अर्ध्या तासात घातले.

पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि ओठ निळे पडले होते. स्ट्रेचरवर बांधून वर आणला तेव्हा मी त्याच्यावर कोट टाकला. त्याने एकेका माणसाचा हात धरून सांगितलं, देव याची फेड करो. व्हिटूसचाही धरला. व्हिटूस त्याला सांगायचा प्रयत्न करत होता, की मी तुला घालवलं, माझ्यामुळे झालं. आबिलिओला त्यातलं अक्षर समजलं नाही. त्याने फक्त कालवडीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"कोणाची होती?" परत येताना मी व्हिटूसला विचारलं.

"आगाथेची."

मी मनात म्हटलं, देवा, दुसऱ्या कोणाची तरी मारायची होतीस. आगाथा आमच्या गावची विधवा. इतरांची वीस-वीस गुरं वर यायची, तिच्या दोन कालवडी. वसंतात स्वतः हाताने वर आणून सोडायची आणि व्हिटूसला सांगायची, ही भित्री आहे हं, तिच्यावर ओरडू नकोस.

गुरं उतरायच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. सगळा गाव रस्त्यावर होता, बँड होता, भाजलेल्या सॉसेजचा वास होता. पुढची गाय उघड्या कपाळाने आली आणि बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं, रीतच आहे ती. तिच्यापुढे व्हिटूस चालत होता. मला वाटलं होतं मान खाली घालून येईल. तो सरळ बघत आला. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेबहार्डने कोणाला सांगितलं नव्हतं, पण पथकात चार माणसं आणखी होती आणि गाव लहान आहे.

पाय प्लास्टरमध्ये घालून आबिलिओ माझ्या शेजारी खुर्चीवर बसला होता. दवाखान्यातून त्याला मीच आणलं होतं. सकाळपासून त्याने निम्म्या गावाला रामराम घातला होता आणि निम्म्या गावाने त्याच्या प्लास्टरवर सही केली होती.

मैदानात एकेक मालक पुढे येऊन आपापली गुरं वेगळी करून घेऊ लागला. आगाथा सगळ्यांत शेवटी आली. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिने आपल्या उरलेल्या कालवडीच्या गळ्यात दोर घातला आणि उभी राहिली. व्हिटूसने खांद्यावरच्या झोळीतून दुसरीची घंटा काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. वाटेत वाजू नये म्हणून त्याने तिच्यात गवत कोंबलं होतं.

"आगाथा, मी तिच्यावर ओरडलो नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तिने घंटा घेतली. आत बघितलं. गवत काढेल असं वाटलं, पण तिने ते काढलं नाही. एका हातात दोर, दुसऱ्या हातात घंटा, अशी ती मैदानातून निघाली. आजूबाजूला सगळ्यांच्या घंटा वाजत होत्या, कान किटून जावेत इतक्या. व्हिटूस टोपी हातात घेऊन ती वळणाआड होईपर्यंत उभा राहिला.

ती आमच्या अगदी जवळून गेली. मी आबिलिओकडे बघितलं, म्हटलं आता हा तिलाही रामराम घालणार, आणि त्याला गप्प कसं करावं ते मला सुचेना. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तो काहीच बोलला नाही.